‘वरून टाका’ म्हणणं सोपं आहे

‘मदतीचे ट्रक लुटतात, नाक्यानाक्यावर अडवतात, मग विमानातून अन्न टाका ना! वर कोण अडवणार? भारतानं ८७ साली जाफन्यात करून दाखवलंय.’ सुदान किंवा गाझाची बातमी आली की हा फॉरवर्ड फिरायला लागतो.

आधी जाफना, म्हणजे श्रीलंकेच्या उत्तरेचं, तेव्हा तिथल्याच लष्करानं वेढलेलं तमिळ द्वीपकल्प. ४ जून १९८७ रोजी हवाई दलाच्या पाच एएन-३२ मालवाहू विमानांनी तिथं जेमतेम २५ टन सामान टाकलं, सोबत मिराज लढाऊ विमानं होती. माणशी अर्धा किलो धरलं तर ५० हजार लोकांची एका दिवसाची सोय. द्वीपकल्पात लोक कित्येक लाख. कोलंबोच्या सरकारला दिलेला तो इशारा होता आणि इशारा म्हणून चांगलाच लागू पडला. पोटं भरल्याचा दाखला म्हणून मात्र तो देऊ नये.

वर कोण अडवणार? खाली ज्याच्याकडे विमान पाडायचं साधन आहे, तो. सीरियात देर एझ-झोर शहराला इसिसचा वेढा होता, म्हणून विमानं फार उंचावरून न्यावी लागली. फेब्रुवारी २०१६मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमानं पहिल्यांदा २१ टन माल सोडला. काही आदळून फुटला, काही दोन फौजांच्या मधल्या पट्ट्यात पडला, बाकीच्याचा पत्ताच लागला नाही. एप्रिलपासून जमलं आणि पुढं ३००हून जास्त खेपा झाल्या. पण खाली रेड क्रेसेंटची (तिकडच्या रेड क्रॉसची) माणसं माल गोळा करायला होती म्हणून.

हे ‘खाली माणसं’ प्रकरण फॉरवर्डवाल्यांना दिसतच नाही. दक्षिण सुदानमध्ये धान्य पॅराशूटशिवायच टाकतात. पोत्यावर पोतं चढवलेलं असतं, आतलं फाटलं तरी दाणे बाहेरच्यात राहावेत म्हणून. त्याआधी एक पथक गावात उतरतं, मैदान मोकळं करून खुणा करतं, बायापोरांना लांब थांबवतं, रेडिओवरून वैमानिकाला हिरवा कंदील देतं. मग पोती मोजून यादीप्रमाणे वाटप. तिथं हे चालतं, कारण पावसाळ्यात रस्ते चिखलात बुडतात. चिखलावर विमान हा इलाज आहे. बंदुकीवर नाही, कारण ते मैदान बंदूकवाल्याच्याच ताब्यात असतं. पथक नसलं की काय होतं ते मार्च २०२४मध्ये गाझात दिसलं: पॅराशूट उघडलं नाही आणि खाली वाट बघणारी माणसं दगावली.

खर्चाचं म्हणाल तर रस्त्याच्या सातपटीपर्यंत.

मग अडलेला रस्ता सुटतो कसा? बोलणी करून, आणि फार रखडत. शेजारच्या चाडमधून सुदानच्या पश्चिमेकडच्या दारफूरला जाणारा आद्रेचा सीमानाका सुदानच्या लष्करी सरकारनं फेब्रुवारी २०२४मध्ये बंद केला. महिनोन्‌महिने दबाव आणल्यावर ऑगस्टमध्ये तो उघडला, तोही आधी फक्त तीन महिन्यांसाठी. तोवर दारफूरमधल्या झमझमच्या विस्थापितांच्या छावणीत भूकबळींचा दुष्काळ जाहीर झाला होता.