दहाचे वीस नाही, चाळीस तास लागतात भाऊ

नमस्कार भाऊ, तुमच्या रिव्ह्यूचा एक स्टार पाहिला. दहा तासांच्या नायट्रायडिंगला (भट्टीत स्टीलमध्ये नायट्रोजन मुरवून वरचा थर कडक करणं) तीन दिवस लावले, पैसे जास्तीचे घेतले, तरी हार्डनेस 52च भरला अन् डायच्या, म्हणजे साच्याच्या, कोपऱ्याचे टवके उडाले, असं तुम्ही लिहिलं. मे महिन्याच्या उन्हात हिंगणा एमआयडीसीत दोन चकरा झाल्या तुमच्या, राग येणारच.

पण ते दहा तास मागच्या जॉबचे होते ना, तेव्हा केस, म्हणजे कडक झालेला वरचा थर, 0.1 मिमीची होती, या वेळी तुम्हीच डबल पाहिजे म्हटलं. आता डबल डेप्थला डबल टाइम पुरत नाही, चौपट लागतो, कारण नायट्रोजनला आधी झालेल्या थरातून वाट काढत पुढे जावं लागतं, जितकं खोल तितकं हळू. म्हणून 40 तास, वरून तापवणं अन् थंड करणं वेगळं. टेम्परेचर वाढवून उरकलं असतं तर आतलं एच13 (डायचं स्टील) नरम पडायची भीती, मग तर झिरो स्टार दिला असता तुम्ही.

हार्डनेस तुम्ही रॉकवेल सीवर (वजनानं टोक दाबून कडकपणा मोजायची पद्धत) पाहिला, त्यात लोड 150 किलोचा, 0.2 मिमीच्या कातडीखालचं मऊ स्टीलपण दबते अन् आकडा खाली येतो. नायट्रायडिंग मायक्रो विकर्स नावाच्या दुसऱ्या मापावर पाहतात, थोड्याशा लोडवर.

टवक्यांचं मात्र आमचंच चुकलं. जास्त तास ठेवलं की वरची व्हाइट लेयर जाड होते, कडक पण ठिसूळ, अन् धारदार कोपऱ्यात नायट्रोजन दोन्ही बाजूंनी शिरतो. ड्रॉइंगमध्ये तिथं रेडियसच नव्हता, जॉब घेतानाच फोन करून विचारायला पाहिजे होतं, पोरानं विचारलं नाही अन् जॉब कार्डवर सही माझी आहे.

अजून एक, ॲल्युमिनियम कास्टिंगची डाय दिवसभर गरम-थंड होत राहते, जाड केसला तडे लवकर जातात. तुम्ही डबल मागून राहिले होते तेव्हाच मी 0.1 पुरे म्हणायला पाहिजे होतं.

डायसोबत फर्नेसमध्ये ठेवलेला एच13चा तुकडा जपून ठेवलाय, तुमच्यासमोर कापून मोजू, वरच्या थराला 1000 विकर्सच्या वर नाही दिसलं तर पूर्ण पैसे वापस. व्हाइट लेयर घासून अन् कोपरे राउंड करून देतो, त्याचे पैसे नाही. सकाळी दहाच्या आत या, नंतर रोड लय तापतो.