बोर्डावरच लिहिलंय की राव! लुथरन शाळांवरच्या त्या पोस्टबद्दल

"शिक्षणाचा मुखवटा, आत धर्मांतराचा कारखाना" या हेडिंगची लुथरन (सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लुथर याच्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) शाळांवरची पोस्ट सध्या जोरात फिरतेय. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: वर एका शाळेच्या मिशन स्टेटमेंटचा फोटो, त्यात 'ख्रिस्त-केंद्रित शिक्षण' या शब्दांभोवती लाल गोल, आणि खाली आरोपांची रांग. या शाळा पोपच्या हुकमाने चालतात, शिकवणं हे नुसतं निमित्त आहे, लुथर स्वतः बुद्धीला शिव्या द्यायचा म्हणून यांना सायन्सचं वावडं, मुलांना 'तू पापी' म्हणून दाबून ठेवतात, अमेरिकेत एका लुथरन मास्तरला देशविरोधी शिकवणीबद्दल शिक्षा झालीय, आणि या शाळांत शिक्षकांना काडीचाही हक्क नसतो.

मी लुथरन नाही, कुठल्या धार्मिक शाळेची वकिली करायची हौसही नाही, आणि यातला एक मुद्दा तर मला बराचसा पटतो, तो शेवटी घेतो. पण बाकीचं वाचून खरंच वाटलं की लिहिणाऱ्याने ते मिशन स्टेटमेंट लाल गोलाच्या पुढे वाचलेलंच नाही.

पोपचं आधी उरकून टाकू. मार्टिन लुथरला पोपने १५२१ मध्ये चर्चमधून बहिष्कृत केलं. त्याच्या नावाने चालणाऱ्या शाळा पोपच्या हुकमाने कशा चालतील? सहसा या शाळा एखादी स्थानिक मंडळी (म्हणजे एका चर्चचे सभासद) किंवा चार-पाच मंडळ्या मिळून चालवतात, त्यांचं स्कूल बोर्ड असतं आणि वर सिनॉड, म्हणजे अशा मंडळ्यांची मोठी संघटना. रोमचा यात काही संबंध नाही. पुढे.

आता मुखवटा. मुखवटा म्हणजे काहीतरी लपवायचंय ना? इथे शाळा पहिल्याच ओळीत, मोठ्या अक्षरात सांगतेय की आमचं शिक्षण ख्रिस्त-केंद्रित आहे. ऑफिसबाहेर लावलंय, फॉर्मवर छापलंय, आणि त्याचाच फोटो काढून तुम्ही 'गुपित उघड केलं' म्हणता! ही स्टेटमेंट्स शाळेगणिक वेगळी असतात पण साधारण मुद्दे तेच: ख्रिस्तावरची श्रद्धा, चांगला अभ्यास, मुलाची सर्वांगीण वाढ, आई-वडिलांबरोबर काम, आणि शिकून दुसऱ्याच्या उपयोगी पडणं. रोज धर्माचा तास असतो, आठवड्यातून एकदा चॅपल (शाळेतली सामूहिक उपासना) असतं, आणि बहुतेक ठिकाणी ते ऐच्छिक नसतं. मुलांनी विश्वास ठेवावा असं त्यांना मनापासून वाटतं, ते कोणी नाकारत नाही. नको असेल तर मूल तिथे घालू नका, हा सरळ व्यवहार आहे.

पण 'शिकवणं निमित्त' हे मात्र साफ चूक. १५२४ मध्ये लुथरने जर्मन शहरांच्या नगरपालांना एक लांबलचक पत्र लिहिलं, शाळा काढा म्हणून. त्यात तो म्हणतो की समजा आत्मा नाही, स्वर्ग नाही, नरक नाही, धर्मग्रंथासाठीही शाळेची गरज नाही, तरीसुद्धा नुसता जगाचा कारभार नीट चालावा एवढ्यासाठी मुलगे आणि मुली दोघांसाठी उत्तम शाळा पाहिजेत. हे लिहिणारा माणूस धर्मशास्त्राचा प्रोफेसर आहे हे लक्षात घ्या. पुढे तो पैशाचा हिशोबही मांडतो: बंदुका, रस्ते, पूल, बंधारे यांवर दरवर्षी एवढा खर्च करता, मग एक-दोन चांगले मास्तर ठेवायला काय झालं? शहराने चांगली लायब्ररी करा हेही त्यातच आहे. मुलग्यांना रोज एक-दोन तास शाळा आणि मुलींना एक तास, असं त्याचं गणित होतं (मुलींना अर्धं का, हे विचारायला तिथे कोणी नव्हतं). चारच वर्षांनी, १५२८ मध्ये, त्याचा सहकारी बुगेनहागेन याने ब्राउनश्वाइग शहरासाठी चर्चची नियमावली लिहिली आणि तिच्यात मुलींच्या शाळांची सोय घातली. म्हणजे व्यवहाराचं शिक्षण आणि श्रद्धेचं शिक्षण ही जोडी या लोकांत पहिल्या दिवसापासून आहे, एकाच्या आड दुसरं लपवलेलं नाही.

आणि जबरदस्तीने धर्मांतराचं म्हणाल तर तिथे त्यांचीच शिकवण आडवी येते. लुथरच्या १५२९ च्या धर्मशिक्षणाच्या छोट्या प्रश्नोत्तरीत, जी या शाळांतली मुलं अजून पाठ करतात, असं आहे की मी माझ्या बुद्धीने किंवा ताकदीने ख्रिस्तावर विश्वास ठेवूच शकत नाही, ते काम पवित्र आत्म्याचं. मग मास्तरने कान पिळून विश्वास कसा बसवायचा? याचा अर्थ इतिहासात शाळा आणि मिशन वेगळे होते असं नाही हं. १७०६ मध्ये त्सिगेनबाल्ग हा जर्मन लुथरन पाद्री डेन्मार्कच्या राजाच्या वतीने तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला उतरला, त्याने शाळा काढल्या, मुलींसाठीही काढली, आणि त्या मिशनच्याच कामाचा भाग होत्या, ते मान्यच करायला पाहिजे.

पण त्याच मिशनमधून पुढे आलेला श्वार्ट्झ नावाचा पाद्री कोणाचा गुरू होता माहितीये? तंजावरच्या सरफोजी राजे भोसल्यांचा. दुसरे सरफोजी. लहानपणी वारसाहक्काच्या भांडणात अडकलेलं हे पोर, त्याला या लुथरन पाद्र्याने सांभाळलं, शिकवलं. एवढा जवळचा संबंध, एवढं कोवळं वय, शिवाय उद्याचा राजा, कारखाना असता तर याहून चांगला माल कुठला? सरफोजी आयुष्यभर हिंदूच राहिले. १७९८ मध्ये गादीवर आले, सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपाला आणलं, आणि १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. गुरू गेल्यावर मात्र त्यांनी त्याचं संगमरवरी स्मारक इंग्लंडमधून करवून आणलं आणि तंजावरच्या चर्चमध्ये बसवलं. आजही जॉर्डन आणि पवित्र भूमीतलं लुथरन चर्च रामल्ला, बेथलेहेम, बेत साहूर इथे शाळा चालवतं, तिथे मुस्लिम आणि ख्रिश्चन पोरं एकाच वर्गात बसतात.

बुद्धीचा मुद्दा. हो, लुथरने बुद्धीला सैतानाची वेश्या म्हटलंय, १५४६ च्या एका प्रवचनात, मरायच्या महिनाभर आधी. खोटं नाहीये. पण कशाबद्दल? देवाची कृपा आणि तारण या गोष्टी बुद्धीच्या तराजूत तोलायला निघालेल्यांवर तो चिडलाय. हाच माणूस १५३६ मध्ये माणसाच्या स्वरूपावरच्या वादविवादात लिहून गेलाय की या जीवनातल्या सगळ्या गोष्टींत बुद्धी श्रेष्ठ, वैद्यक, कायदा आणि सगळ्या कलांची जननी तीच. एक ओळ उचलायची आणि दुसरी सोडायची, याला काय म्हणायचं तुम्हीच ठरवा. आणि लुथरला ठोकायचंच असेल तर १५४३ मध्ये ज्यूंविरुद्ध त्याने जे विष ओकलंय ते काढा ना, त्यांची प्रार्थनामंदिरं आणि शाळा जाळा असं लिहिलंय त्याने. मोठ्या लुथरन संघटनांनी त्याचा जाहीर निषेध केलाय. पोस्टवाल्याला हे सापडलंच नाही, त्याला ती वेश्या बरी वाटली.

सायन्सचं वावडं असतं तर केप्लर कुठून आला असता हो? योहानेस केप्लर, ग्रह लंबवर्तुळात फिरतात हे सांगणारा, १५९४ पासून ग्राट्सच्या लुथरन शाळेत गणिताचा मास्तर होता. पहिल्या वर्षी त्याच्या तासाला मोजकी पोरं, दुसऱ्या वर्षी एकही नाही, तरी शाळेच्या तपासनिसांनी त्याला दोष दिला नाही, गणित सगळ्यांना झेपत नाही म्हणाले आणि त्याला अंकगणित, लॅटिन कवी व्हर्जिल आणि वक्तृत्व शिकवायला दिलं. १५९५ च्या जुलैमध्ये वर्गात फळ्यावर वर्तुळात त्रिकोण काढताना त्याच्या डोक्यात ग्रहांच्या अंतरांची एक कल्पना चमकली (ती कल्पना चुकीची निघाली, पण पुढचं सगळं संशोधन तिथून सुरू झालं) आणि पुढच्या वर्षी त्यावर त्याचं पहिलं मोठं पुस्तक आलं. नंतर लिंझमध्ये याच केप्लरला लुथरन पाद्र्यानेच प्रभुभोजनापासून (चर्चमधल्या भाकरी-द्राक्षरसाच्या विधीपासून) दूर ठेवलं, मतभेदावरून. म्हणजे सगळं गोडगोड नव्हतं.

आजही नाही. मिसुरी सिनॉड आणि विस्कॉन्सिन सिनॉड या अमेरिकेतल्या दोन मोठ्या लुथरन संस्था अधिकृतपणे सहा दिवसांत सृष्टी हीच शिकवण धरतात, त्यांच्या शाळांत उत्क्रांती कशी शिकवतात हे पालकांनी खोदून विचारलंच पाहिजे. इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका ही वेगळी संस्था, तिच्यात तसा आग्रह नाही. 'लुथरन शाळा' म्हणून सरसकट बोललं की नेमकं हेच कळत नाही, आधी सिनॉड कुठली ते बघा.

'तू पापी' वालं. पाप हा शब्द या शाळांत येतो, भरपूर येतो. पण त्यांच्या मार्गदर्शक तत्त्वांत नियम आणि सुवार्ता अशी जोडी असते, आणि वर्गातली शिस्त तिच्यावरच उभी आहे. पोराने दुसऱ्याची वही फाडली तर नियम त्याला सांगतो की हे चुकलंय, वही भरून द्यायची, माफी मागायची, त्यातून सुटका नाही. सुवार्ता सांगते की तुला माफ केलंय, आणि हे मास्तरने तोंडाने म्हणायचं असतं, गृहीत धरून सोडायचं नसतं. आता प्रत्येक मास्तर हे पाळतो का? नसेलच. लुथरन शाळांत छड्या चालल्या नाहीत असंही मी म्हणणार नाही. पण मूळ पुरुषाचं, म्हणजे लुथरचं, काय मत होतं ते बघा, लहानपणी एका सकाळी आपल्याला पंधरा वेळा मारलं, तेही न शिकवलेल्या व्याकरणासाठी, असं तो म्हातारपणीसुद्धा सांगायचा, आणि त्या १५२४ च्या पत्रात जुन्या शाळांना त्याने सरळ नरक म्हटलंय.

देशविरोधी मास्तर. ही केस खरी आहे, फक्त पोस्टमध्ये अर्धीच आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनद्वेषाच्या लाटेत नेब्रास्काने १९१९ मध्ये कायदा केला की आठवी पास होईपर्यंत मुलांना परकी भाषा शिकवायची नाही. हॅम्प्टनच्या झायन लुथरन शाळेतले रॉबर्ट मायर मास्तर मे १९२० मध्ये दुपारच्या सुट्टीत एका दहा वर्षांच्या मुलाकडून बायबलमधली गोष्ट जर्मनमध्ये वाचून घेत होते, तेवढ्यात काउंटीचा सरकारी वकील वर्गात आला. मास्तरांनी त्याला पाहिलं, इंग्लिशवर उडी मारून सुटता आलं असतं, तरी धडा जर्मनमध्येच चालू ठेवला. पंचवीस डॉलर दंड झाला. पोस्ट इथे संपते. पुढे ४ जून १९२३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी ती शिक्षा उडवली आणि म्हटलं की मास्तरचा शिकवायचा हक्क आणि आई-बापाचा आपल्या पोराला काय शिकवायचं ते ठरवायचा हक्क घटनेतल्या स्वातंत्र्यात येतो. दोन वर्षांनी, सगळ्या मुलांनी सरकारी शाळेतच जायचं हा ओरेगॉनचा कायदा रद्द झाला तेव्हा कोर्टाने याच निकालाचा आधार घेतला. तिथे दाद मागणाऱ्यांत कॅथलिक नन्स होत्या.

आता राहिला शिक्षकांचा हक्क, आणि इथे मी पोस्टच्या जवळ आहे. मिसुरी सिनॉडच्या शाळांत दोन प्रकारचे शिक्षक असतात, 'कॉल्ड' म्हणजे मंडळीने रीतसर बोलावून सेवक म्हणून नेमलेले, आणि कॉन्ट्रॅक्टवरचे. मिशिगनमधल्या होसाना-टेबोर या लुथरन शाळेत एक कॉल्ड शिक्षिका चौथीला शिकवायची. आजारपणाची रजा घेतली, झोपेचा विकार निघाला, बरी होऊन परत यायला निघाली तर शाळा म्हणे राजीनामा द्या, तिने कायद्याने जाईन म्हटलं, तर शाळेने काढून टाकलं. कारण काय, तर आपापसातले वाद आपल्यातच मिटवायचे या तत्त्वाचा भंग केला. तिच्या दिवसातली फक्त ४५ मिनिटं धार्मिक कामाची होती, बाकी वेळ गणित, सायन्स, भाषा. तरी जानेवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की ती चर्चची सेवक आहे, तिला ठेवायचं की नाही यात भेदभावविरोधी कायदा घालता येणार नाही. २०२० मध्ये कॅथलिक शाळांच्या केसमध्ये कोर्ट आणखी पुढे गेलं, सेवक ही पदवी नसली तरी चालेल, धर्म शिकवायचं काम असलं की पुरे.

'काडीचाही हक्क नाही' हे तरी खोटंच, पगार, करार, शाळेची अंतर्गत तक्रार प्रक्रिया हे सगळं असतं. पण मुलांना माफी शिकवणाऱ्या शाळेने आजारी शिक्षिकेला असं वागवावं हे मला अजिबात पटलेलं नाही, कोर्ट काहीही म्हणो. अमेरिकेत अशा शाळेत नोकरीला जाणाऱ्यांनी सही करायच्या आधी नेमणूक कॉल्ड की कॉन्ट्रॅक्ट, धर्माचा तास आपल्याकडे आहे का, आणि वाद झाला तर ऐकणार कोण, या तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात.