'एटिकेट' ऐका, पूर्ण ऐका

कॅसिओटोन फॉर द पेनफुली अलोन. नाव एवढं लांबलचक पण बँड म्हणजे एकच माणूस, ओवेन अ‍ॅशवर्थ. फिल्म स्कूल अर्धवट सोडून १९९७ मध्ये त्याने हे सुरू केलं, बॅटरीवर चालणारे छोटे कीबोर्ड, साधी ड्रम मशीन आणि गाण्यापेक्षा बोलण्याकडे झुकणारा आवाज. त्याचा २००६ चा अल्बम 'एटिकेट' सध्या माझ्या डोक्यातून जातच नाहीये, आणि लोक 'चांगलाय, पण साउंड कच्चा आहे' म्हणून तो सोडून देतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

कारण हा कच्चेपणा वरून भुरभुरलेला नाहीये. आजकाल लो-फाय, म्हणजे मुद्दाम कच्चा ठेवलेला साउंड, म्हटलं की आधी स्वच्छ रेकॉर्डिंग करायचं आणि मग प्लगइन (कॉम्प्युटरवरचं इफेक्ट देणारं सॉफ्टवेअर) लावून त्यावर खरखर चढवायची, त्यातही छान काम होतं, नाही असं नाही. पण इथे आवाजाचा लहानपणा आणि गाण्यातल्या माणसांचं आयुष्य एकाच मापाचं आहे.

'न्यू इयर्स किस' घ्या. पार्टी उरकलीये, सकाळ झालीये आणि एक मुलगी आदल्या रात्रीचं आठवतीये. तिच्या मनातल्या चित्रात बाल्कनी होती, शॅम्पेन होती, आणि प्रत्यक्षात किस झाला तो किराणा ठेवायच्या खोलीत, पॅनकेकच्या पिठाला टेकून! बस, एवढंच. अ‍ॅशवर्थ तिला हसत नाही, तिची कीवही करत नाही, जे झालं ते सांगतो आणि पुढे जातो. हेच गाणं मोठ्या स्टुडिओत चकाचक सिंथ लावून केलं असतं तर ते पीठ कुणाला दिसलंच नसतं, नुसतं 'नवीन वर्ष, हरवलेलं प्रेम' असं काहीतरी गुळगुळीत कानावर आलं असतं.

आणि गंमत बघा, या अल्बममध्ये तो नुसत्या कीबोर्डवर थांबलेला नाही. पियानो आहे, स्ट्रिंग्ज आहेत, पेडल स्टील गिटार आहे, मधेच बाईच्या आवाजातलं गाणं येतं. आधीच्या अल्बमच्या मानाने भरपूर सामान आहे पण पसारा वाटत नाही, कारण प्रत्येक वाद्य गोष्टीपुरतंच येतं आणि काम झालं की बाजूला होतं. 'यंग शील्ड्स'मध्ये तर बीट असा फाटका आणि जोरकस लागतो की पाय आपोआप हलायला लागतो, ज्यांना हा माणूस फक्त रडकी गाणी करतो असं वाटतं त्यांनी हे आधी ऐकावं.

आवाजात चढउतार फारसे नाहीत हे मान्य. पण मला तेच आवडतं, तो रडून दाखवत नाही म्हणून शब्दांकडे लक्ष जातं.

शफलवर लावू नका प्लीज, गाणी छोटी आहेत, सलग ऐका. आवडला तर मागे जाऊन २००३ चा 'ट्विंकल एको' ऐका, तो अजून उघडावाघडा आहे. २०१० मध्ये त्याने हे नाव बंद केलं, आता तो अ‍ॅडव्हान्स बेस नावाने गाणी करतो, तीही शोधा. ज्यांनी हे सगळं आधीच ऐकलंय त्यांनी आपापलं आवडतं गाणं कमेंटमध्ये टाका, मला खरंच वाचायचंय.