१७५ आणि २०८: राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीवरच्या मेसेजला उत्तर

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीबद्दल एक लांबलचक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. 'महाराष्ट्राचा अपमान' असा त्याचा मथळा. मी तो पुसून मोकळी झाले असते. पण माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी राज्यसेवेची तयारी करते आणि तिने त्यातले मुद्दे राज्यशास्त्राच्या वहीत उतरवून घेतलेत. "मावशी, आकड्यांसकट दिलंय की सगळं," असं तिचं म्हणणं. आकडे बरोबर आहेत. त्यांवरून काढलेले निष्कर्ष धादांत खोटे आहेत.

मेसेज थोडक्यात असा: उत्तर प्रदेशच्या आमदाराच्या मताचं मूल्य २०८, महाराष्ट्राच्या आमदाराचं १७५ आणि बिचाऱ्या सिक्कीमचं ७, म्हणजे लोकसंख्या वाढवणाऱ्यांना बक्षीस. खासदाराच्या मताचं मूल्य ७००, म्हणजे दिल्ली राज्यांच्या डोक्यावर. कोणालाच निम्मी मतं मिळाली नाहीत तर पंतप्रधान नाव ठरवतात. आमदार-खासदार व्हीपने, म्हणजे पक्षाच्या सक्तीच्या आदेशाने बांधलेले, सरकारने नेमलेले खासदारही मत देतात, पंधरा हजार भरून कोणीही उभं राहू शकतं हे लोकांपासून लपवलं जातं. आणि एवढं करून निवडून येतो तो रबरी शिक्का.

आधी २०८ चं बघू, कारण सगळं विष तिथेच आहे.

राष्ट्रपती निवडतात ते निवडून आलेले खासदार आणि आमदार, आणि त्यांच्या प्रत्येक मताला ठरावीक मूल्य असतं. या मतमूल्याचं सूत्र राज्यघटनेच्या ५५व्या अनुच्छेदात आहे. राज्याच्या लोकसंख्येला निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने भागायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा हजाराने भागायचं. बाकी पाचशेपेक्षा कमी नसेल तर एक वाढवायचा. लोकसंख्या धरायची ती १९७१ च्या जनगणनेची. तेव्हा महाराष्ट्राची लोकसंख्या होती ५,०४,१२,२३५ आणि आमदार आहेत २८८. कागद घेऊन भागाकार करा, १७५ येतात. उत्तर प्रदेशचे ८,३८,४९,९०५ लोक आणि ४०३ आमदार, उत्तर २०८. तिथला एक आमदार सुमारे दोन लाख आठ हजार लोकांच्या वतीने मत देतो, आपला पावणेदोन लाखांच्या. म्हणून त्याचं मूल्य जास्त.

आता मूल्याला आमदारांच्या संख्येने गुणा. महाराष्ट्राची ५०,४००, उत्तर प्रदेशची ८३,८२४. दोन्हीकडे दर हजार माणसांमागे एक मत पडतं. मेसेजमध्ये ज्याची एवढी कीव केली आहे त्या सिक्कीममध्ये तेव्हा २,०९,८४३ लोक होते आणि आमदार आहेत ३२. भागाकार येतो साडेसहाच्या किंचित वर, त्याचे होतात ७. एकूण २२४, म्हणजे ९३७ माणसांमागे एक मत. आपल्यापेक्षा थोडं जास्तच. आणि एकूण मतमूल्यात उत्तर प्रदेशखालोखाल महाराष्ट्राचाच नंबर लागतो. कुठे आहे अपमान?

लोकसंख्या वाढवल्याच्या बक्षिसाचं तर पूर्ण उलटं आहे. १९७१ चा आकडा गोठवला तो १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने. पुढे ८४व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. हेतू हाच, की ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्यांचं वजन घटू नये. २०११ ची जनगणना धरून मी तोच भागाकार करून पाहिला. उत्तर प्रदेशचे होतात ४९६, महाराष्ट्राचे ३९०. आज तिथल्या आमदाराचं मत आपल्या आमदाराच्या मतापेक्षा १९ टक्क्यांनी जड आहे, तेव्हा ते २७ टक्क्यांनी जड झालं असतं. म्हणजे ज्या नियमाला शिव्या घातल्यात त्याच नियमाने हे अंतर रोखून धरलंय.

याच भागाकारातली दुसरी गोष्टही सांगायला हवी. तामिळनाडूचं मूल्य आज १७६ आहे, आपल्यापेक्षा एकाने जास्त. २०११ च्या आकड्यांनी ते ३०८ होतं आणि आपण ८२ ने पुढे जातो. चेन्नईत बसून कोणी असाच मेसेज लिहिला, तर लोकसंख्या वाढवणाऱ्यांच्या यादीत तो महाराष्ट्रालाही घालेल. हिंदी पट्ट्याविरुद्ध राग भडकवण्याआधी हे तपासायला हवं होतं. राज्याराज्यांत वैर पेरणारं असं काही परीक्षेच्या वहीत जातं, याचा मला खरोखर संताप आहे.

खासदारांचं ७००. सगळ्या राज्यांच्या आमदारांचं एकूण मतमूल्य काढायचं आणि त्याला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागायचं. २०२२ च्या निवडणुकीत आमदारांचं एकूण मूल्य ५,४३,२३१ होतं, खासदार ७७६. प्रत्येकी ७००, एकूण ५,४३,२००. फरक ३१ चा, तोही राज्यांच्या बाजूने. राज्यं आणि संसद यांचं पारडं समान राहावं अशीच ही रचना आहे.

निम्मी मतं न मिळाल्यास पंतप्रधान ठरवतात, असं घटनेत अवाक्षर नाही. हे ज्याने लिहिलं त्याने मतपत्रिका कशी असते हेसुद्धा पाहिलेलं नाही. खासदारांची हिरवी, आमदारांची गुलाबी. तिच्यावर पक्षाचं चिन्ह नसतं. एका रकान्यात उमेदवारांची नावं आणि शेजारच्या रकान्यात पसंतीक्रम लिहायला जागा. २०१७ आणि २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेननेच आकडा लिहायचा होता, दुसरं पेन वापरलं की मत बाद. आकडा मराठीत लिहिलेला चालतो, पण 'एक' असं अक्षरात लिहिलेलं चालत नाही. वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त एवढा कोटा कोणी पहिल्या पसंतीत गाठला नाही, तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती बाकीच्यांच्या खात्यात जाते.

हे १९६९ मध्ये प्रत्यक्ष घडलंय. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरींना ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डींना ३,१३,५४८ आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, त्यांना १,१२,७६९. मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे तेच सी. डी. देशमुख. कोटा होता ४,१८,१६९, तो कोणालाच गाठता आला नाही. मग खालचे उमेदवार बाद होत गेले. देशमुखांची बरीचशी मतं दुसऱ्या पसंतीने रेड्डींकडे वळली, तरी गिरी ४,२०,०७७ वर पोचले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. पंतप्रधानांनी नाव ठरवलं असतं तर एवढी मोजणी कशाला करावी लागली असती?

व्हीपचंही उत्तर याच निवडणुकीत आहे. रेड्डी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार होते आणि गिरी अपक्ष. इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीने मत देण्याचं आवाहन केलं आणि पक्षाचा अधिकृत उमेदवार पडला. या निवडणुकीत व्हीप काढता येत नाही, हे निवडणूक आयोग वेळोवेळी स्पष्ट करतो. मतदान गुप्त असतं. २००७ मध्ये भाजपसोबत असलेल्या शिवसेनेने भैरोंसिंह शेखावतांना सोडून प्रतिभाताई पाटलांना मतं दिली, हे महाराष्ट्राला तरी आठवायला हवं. बहुतेक सदस्य पक्ष सांगेल तसंच मत देतात, एवढं मान्य. पण ती त्यांची राजकीय निष्ठा झाली, कायद्याची सक्ती नव्हे.

नियुक्त खासदारांना या निवडणुकीत मत नाही, फक्त निवडून आलेल्यांना आहे. ५४वा अनुच्छेद तेवढा वाचा. सचिन तेंडुलकर २०१७ मध्ये राज्यसभेत होता, तरी तो मत देऊ शकत नव्हता. आपल्या विधान परिषदेच्या आमदारांनाही मत नाही. अनामत पंधरा हजार आहे हे खरं, पण सोबत मतदारांपैकी पन्नास सूचक आणि पन्नास अनुमोदक लागतात. ते कुठून आणणार, हे मेसेज सांगत नाही. लपवलेलं त्यात काहीच नाही.

राहिला रबरी शिक्का. यात निम्मं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करते. ४२व्या दुरुस्तीनंतर राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागावं लागतं. पण ४४व्या दुरुस्तीने तो सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकार दिला आणि तो वापरला गेला आहे. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस गुजराल मंत्रिमंडळाने तेव्हाचे राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्याकडे पाठवली. नारायणन यांनी ती परत केली. मंत्रिमंडळाने तीच शिफारस पुन्हा पाठवली असती तर त्यांना सही करणं भाग होतं. मंत्रिमंडळाने ती पुन्हा पाठवली नाही आणि लखनौतलं सरकार टिकलं.