‘वीस मिनिटांच्या कामाचे १८०० रुपये’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमच्या अभ्यासिकेतले सहा छोटे कॉम्प्युटर (रास्पबेरी पाय, आमच्या भाषेत ‘डबे’) आम्ही सेट करून दिले, तरी नेटअभावी तिथल्या मुलांची सकाळ वाया गेली, त्याबद्दल दिलगीर आहोत. एक स्टार दिलात, तोही डोक्यावर. पण आमच्या दुकानातल्या पोराबद्दल ‘मुलाने एक ओळ टाइप केली, वीस मिनिटं मोबाइल बघत बसला आणि १८०० रुपये घेऊन गेला’ हे मनाला लागलं. सदाशिव पेठेत असं एक वाक्य पुरतं, नवीन गिऱ्हाईक पायरी चढत नाही.

डब्यामागे ३०० रुपये, डबे सहा. हे आधी व्हॉट्सॲपवर कळवलं होतं, तुमचं ‘ओके’ आलेलं आहे. आमचा दर तासावर कधीच नव्हता. ती ‘एक ओळ’ म्हणजे आमची बॅश स्क्रिप्ट, एकामागून एक कामं आपोआप करणारी आज्ञांची यादी. रास्पबेरी पायला नाव देणं, अपडेट, ब्राउझर, प्रिंटर, वाय-फाय, सगळं ती करते आणि कुठे अडलं तर पुढे न रेटता तिथेच थांबते. हेच हाताने करत बसलो असतो तर दिवस गेला असता, शिवाय एखाद्या डब्यात काहीतरी राहिलंच असतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये पायच्या नव्या सिस्टिमने वाय-फायचं नाव-पासवर्ड ठेवायची जुनी फाइल सोडून नेटवर्कमॅनेजर हा नेट जोडणारा वेगळा प्रोग्रॅम घेतला. तेव्हा तो सगळा भाग मी ऐन दिवाळीत, फराळ बाजूला ठेवून, नव्याने लिहिला. त्याचं बिल कोणाला लावलं नाही. आणि मुलगा मोबाइलवर रील बघत नव्हता, सहाही डब्यांचे मॅक ॲड्रेस (प्रत्येक डब्याचा ओळख क्रमांक) मला पाठवत होता, राउटरमध्ये प्रत्येकाचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, पक्का करायला. चहा विचारला नाहीत, त्याबद्दल त्याची काही तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी तीन डब्यांना नेट मिळालं नाही, हे खरं. पण आम्ही गेल्यावर रात्री तुमच्या भाच्याने ‘स्पीड वाढतो’ म्हणून राउटरच्या वाय-फायच्या दोन पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झ बंद करून फक्त ५ ठेवलं, हे तुम्हीच फोनवर सांगितलंत. रिव्ह्यूत ते नाही. ते तीन डबे ‘पाय ३ बी’, म्हणजे २०१६ चं मॉडेल. त्यांना ५ चं नेटवर्क दिसतच नाही, मग स्क्रिप्ट त्यांना जोडणार कशाशी?

यापुढे बिलावर काय काय केलं ते लिहून देऊ, बाकीही काय सुधारता येईल ते बघतो आहोत. तूर्त २.४ चालू करा. नाव-पासवर्ड तेच असेल तर डबे आपोआप जोडले जातील. नाहीच जमलं तर मुलाला पाठवतो, पैसे नकोत. फक्त गुरुवार सोडून सांगा, त्या दिवशी लाइटचा भरवसा नसतो.