पाकाल विमान चालवत नव्हता, आणि कोपानचा हत्ती हा पोपट आहे

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक फॉरवर्ड फिरून येतो, यावेळी काकांनी टाकला आणि खाली रांगेने हात जोडलेले इमोजी. मजकूर थोडक्यात असा की मेक्सिको-होंडुरासमधली माया संस्कृती म्हणजे आपल्या मय दानवाचीच लेकरं, आणि पुरावा काय तर एका दगडावर विमान चालवणारा माणूस कोरलाय, दुसऱ्या एका खांबावर हत्ती आणि माहूत आहेत, पिरॅमिडवर शेषनाग आहे, नावच माया आहे, आणि पाश्चात्त्य संशोधक हे सगळं दाबून ठेवतात. ग्रुपवर उत्तर दिलं की "तुला फार कळतं" असं होतं, म्हणून इथे निवांत लिहितोय. काका वाचत असाल तर नमस्कार, रागावू नका.

विमानापासून सुरू करू.

दगड खरा आहे. मेक्सिकोच्या चियापास राज्यात पालेंके नावाचं प्राचीन शहर आहे, तिथल्या शिलालेखांच्या मंदिराच्या पोटात किनिच हनाब पाकाल या राजाची कबर आहे आणि हा दगड म्हणजे त्याच्या शवपेटीचं झाकण, जवळपास पावणेचार मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद. अल्बेर्तो रुस लुइयेर या पुरातत्त्वज्ञाला मंदिराच्या फरशीतल्या एका शिळेला भोकं दिसली, ती उचलली तर खाली दगडमातीने गच्च भरलेला जिना, तो उपसायला काही वर्षं गेली आणि जून १९५२ मध्ये कबर सापडली. मग १९६८ साली एरिक फॉन डॅनिकेन या स्विस लेखकाने झाकणावरच्या माणसाला अंतराळवीर ठरवलं, आणि तेच आपल्याकडे येऊन पुष्पक विमान झालं.

आता फॉरवर्डमधला फोटो बघा, तो आडवा आहे. आडवा धरला की खरंच माणूस पुढे वाकून हँडल धरून बसलाय असं वाटतं, मलाही पहिल्यांदा बुलेटवाला वाटला होता, खोटं कशाला बोलू. पण हे चित्र उभं बघायचंय. उभं केलं की तो माणूस पुढे वाकलेला नाही, मागे रेललाय, गुडघे पोटाशी, अगदी तान्ह्या बाळासारखा. हात मोकळे आहेत, धरलेलं काहीच नाही. पाय उघडे, घोट्यात मण्यांच्या माळा, हातात कडी, कमरेला मण्यांच्या जाळीचं वस्त्र. ऑक्सिजनची नळी म्हणतात तो नाकापाशी घातलेला अलंकार, तसले अलंकार माया कोरीवकामात कितीतरी जणांच्या नाकाशी दिसतात, ते सगळे काय पायलट होते का?

जाळीचं ते वस्त्र महत्त्वाचं आहे, कारण ते मक्याच्या देवाचं वस्त्र आहे. त्यातले मणी जेडचे. माया लोकांत जेड हा सगळ्यात मोलाचा दगड, आणि त्याचा हिरवा रंग म्हणजे कोवळ्या मक्याचा रंग. म्हणजे मेलेला राजा मक्याचा देव होऊन पडलाय, आणि मक्याचा दाणा जमिनीत जातो तो उगवण्यासाठीच. त्याच्या पाठीमागून जे उभं वर गेलंय, ज्याला फॉरवर्डवाले इंजिन म्हणतात, ते विश्ववृक्ष आहे, क्रुसासारख्या दोन फांद्या, त्यांच्यावरून दुतोंडी साप टाकलेला, आणि शेंड्यावर दिव्य पक्षी बसलाय. आपल्याकडे वडा-पिंपळाला जो मान तो तिकडे सेइबा या झाडाला, म्हणजे आपली पांढरी सावर, काटेसावरीच्या नात्यातली. राजाच्या खाली नैवेद्याचं ताट आहे, ताटावर सूर्याचं चिन्ह. त्याच्याही खाली, जिथे धूर आणि ज्वाळा दिसतात असं म्हणतात, तिथे पाताळाचा जबडा आहे, हाडांचा, घोणीसारख्या (म्हणजे मोठ्या गोमेसारख्या) प्राण्याचा, वर वळलेले दोन मोठे दात दोन बाजूंना. आणि लांब दोन्ही कडांना आकाशाची पट्टी, तीत सूर्य-चंद्राच्या खुणा. पाताळ खाली, आकाश कडेला, मधे झाड, आणि झाडाच्या बुंध्याशी राजा. तो पाताळात पडतोय की पाताळातून उगवतोय यावर जाणकारांत वाद आहे, आधी पडतोय असं जास्त म्हणत, नंतर उगवत्या सूर्यासारखा वर येतोय असं म्हणणारे वाढले, मला दुसरं पटतं.

का पटतं ते सांगतो, कारण फॉरवर्डमध्ये झाकण आहे पण पेटी नाही. पेटीच्या चारी बाजूंना पाकालचे पूर्वज कोरलेत, दहा आकृत्या, प्रत्येक जण जमिनीला पडलेल्या भेगेतून वर येतोय आणि पाठीशी एकेक फळझाड. कोको आहे, अ‍ॅव्होकाडो आहे, पेरू आहे, चिकूच्या जातीतलं झाड आहे. (पेरू आणि चिकू दोन्ही मूळचे तिकडचेच, कोलंबसनंतर जहाजातून आपल्याकडे आले, त्यामुळे आपण डहाणू-घोलवडचा चिकू खातो तेव्हा देवाणघेवाण नक्की झालेली आहे, फक्त दिशा उलटी.) म्हणजे वाडवडील सगळे झाडं होऊन उगवलेत आणि मधे हा मका होऊन उगवतोय. अख्खी शवपेटी ही एक बाग आहे, तिच्यात विमान कुठे बसवणार?

आणि विमान म्हणायचं तर अजून एक अडचण. पाकालच्या मुलाने, किनिच कान बाहलामने, त्याच पालेंकेत क्रुसाचं मंदिर बांधलं, ते ६९२ सालचं. त्यातल्या शिळेवर तेच झाड, तोच पक्षी, खाली तेच ताट, आणि आत बसलेलं कोणी नाही, दोन बाजूंना दोन माणसं उभी. विमान पार्क करून ठेवलंय की काय?

आता "दाबून ठेवतात" हा मुद्दा मधेच घेतो कारण तो इथेच लागतो. झाकणाच्या जाडीवर, म्हणजे चारी कडांवर, अक्षरं कोरलेली आहेत आणि ती वाचता येतात. पाकाल माया पंचांगातल्या ८ अहाव या दिवशी जन्मला, ६ एत्सनाब या दिवशी गेला, आणि त्याच्या आधी कोण कोण गेलं त्याची यादी. पेटीवरच्या पूर्वजांच्या शेजारी त्यांची नावं आहेत, आई सक कुक, वडील कान मो हिश. आपल्या कालगणनेत पाकालचा जन्म ६०३, गादीवर आला ६१५ मध्ये बारा वर्षांचा असताना, वारला ६८३ मध्ये ऐंशीचा होऊन. वरून काढलेल्या फोटोत या कडा दिसतच नाहीत, आणि फॉरवर्डचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे की फोटो दिसतो पण मजकूर दिसत नाही.

ही लिपी बराच काळ वाचता येत नव्हती हे खरं. दिएगो दे लांदा नावाच्या पाद्र्याने १५६२ मध्ये मेक्सिकोच्या युकातान भागात मानी गावी माया ग्रंथ जाळले, आणि गंमत म्हणजे त्याच माणसाने काही अक्षरं टिपून ठेवली होती, ती धरून युरी क्नोरोझोव्ह या रशियन अभ्यासकाने १९५२ मध्ये दाखवलं की ही लिपी उच्चारानुसार वाचता येते. ज्या वर्षी कबर उघडली त्याच वर्षी! १९६० मध्ये तातियाना प्रोस्कुरियाकोफ या बाईंनी दाखवलं की शिळांवर देवाधर्माची कोडी नसून राजांचे जन्म, राज्यारोहण, मृत्यू आहेत. आणि १९७३ च्या डिसेंबरात पालेंकेतच भरलेल्या परिषदेत लिंडा शील, पीटर मॅथ्यूज आणि फ्लॉइड लाउन्सबरी यांनी एका बैठकीत पालेंकेच्या राजांची वंशावळ लावली. म्हणजे डॅनिकेनने अंतराळवीर लिहिला तेव्हा ही वंशावळ लागायची होती, त्याला एक वेळ सूट देऊ, पण आज २०२० च्या पुढे तेच ढकलणाऱ्याला कशी देणार? दाबून ठेवलेलं काही नाहीये, मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात या कबरीची प्रतिकृतीच मांडून ठेवलीये, तिकीट काढा आणि बघा.

शेषनागाचा मुद्दा लवकर संपतो. चिचेन इत्सा या युकातानातल्या माया शहराच्या पिरॅमिडवर संपाताच्या (दिवस-रात्र सारखे असतात तेव्हाच्या) सुमारास सावली सापासारखी उतरते, पायथ्याशी सापाची तोंडं आहेत, हे खरं. पण तो कुकुलकान आहे, नावाचा अर्थच पिसांचा साप, आणि तिथल्याच योद्ध्यांच्या मंदिरातले सापाचे खांब नीट बघितले तर शेपटीला खुळखुळा आहे. रॅटलस्नेक. हा साप फक्त अमेरिका खंडात होतो. आपल्या नागाला फणा असतो, खुळखुळा नाही, आणि यांच्या सापाला फणा नाही, पिसं आहेत. शिल्पकाराने अंगणातला साप कोरलाय, एवढंच.

नावाचं बघू. महाभारतात पांडवांची सभा बांधणारा तो मय, ज्याच्या सभेत दुर्योधन पाण्यात पडला, माया नव्हे. आणि पालेंकेचे लोक स्वतःला माया म्हणतच नव्हते. त्यांच्या शहराचं नाव लाकमहा, म्हणजे मोठं पाणी, राज्याचं नाव बाकाल. माया हा शब्द उत्तरेकडच्या युकातानातला, तिथे मायापान नावाचं शहर होतं आणि तिथली भाषा आजही माया तान म्हणतात, पुढे तोच शब्द बाहेरच्यांनी सगळ्यांना लावला. आणि हे लोक संपलेले नाहीत, ग्वाटेमाला, चियापास, युकातानात लाखोंनी आहेत, माया भाषा बोलतात, मका पिकवतात. वेरूळचं कैलास लेणं एलियननी खोदलं असा व्हिडिओ आला की आपल्या अंगाचा तिळपापड होतो ना? तसंच त्यांचं होत असणार, फक्त त्यांच्या बाबतीत एलियन आपण आहोत.

हत्ती शेवटी ठेवला कारण तो माझ्या आवडीचा, आणि खरं सांगायचं तर फॉरवर्डमधला सगळ्यात तगडा मुद्दा. होंडुरासमधल्या कोपानला बी नावाचा शिलास्तंभ आहे, ७३१ सालचा, वाशाक्लाहून उबाह काविल या राजाचा. राजाच्या डोक्यावर पगडीसारखं गुंडाळलेलं, आणि वरच्या दोन कोपऱ्यांत लांब वळलेल्या नाकाचे दोन प्राणी, त्यांच्यावर छोटी माणसं. पगडी, सोंड, माहूत, झालं की! हे फक्त व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांनाच वाटलं असंही नाही, ग्राफ्टन एलियट स्मिथ नावाच्या नामवंत शरीररचनाशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं की हे भारतीय हत्तीच. म्हणून काकांना हसत नाही मी.

पण सुळे कुठायत? सुपाएवढे कान कुठायत? आणि नाकपुडी सोंडेच्या टोकाला हवी, ती इथे मुळाशी, डोळ्याजवळ आहे. ती सोंड नाहीच, चोच आहे. मकाव, म्हणजे तो मोठा रंगीत पोपट, त्याची वरची चोच अशीच जाड आणि खाली वळलेली असते. पगडीचं म्हणाल तर कोपानच्या राजांचा तो नेहमीचा पोशाख, तिथल्या क्यू नावाच्या वेदीवर चारी बाजूंना सोळा राजे ओळीने बसलेत, त्यांचीही डोकी अशीच गुंडाळलेली.

एवढ्यावरही कोणी म्हणेल की तुला चोच दिसते, मला सोंड दिसते. म्हणून परत मजकुराकडे. त्याच स्तंभावर लिहिलंय, मो वित्स. मो म्हणजे मकाव, वित्स म्हणजे डोंगर. मकावच्या डोंगराचा राजा असं हा माणूस स्वतःबद्दल सांगतोय, आणि डोंगर ओळखू यावा म्हणून कोपऱ्यांत मकाव बसवलेत. मो हे अक्षरसुद्धा कसं लिहितात तर ठिपक्यांचं एक वर्तुळ, मकावच्या डोळ्याभोवती दिसतं तसं. कोपानच्या चेंडूच्या मैदानावर मकावची दगडी मुंडकी लावलेली होती, आणि ४२६ च्या सुमारास ज्याने हे घराणं सुरू केलं त्या राजाचं नावच किनिच याश कुक मो, त्यातला शेवटचा मो हाच.

आजही कोपानच्या अवशेषांत शिरताना झाडांवर लाल मकाव बसलेले असतात, कर्कश ओरडत. पर्यटक आधी त्यांचे फोटो काढतात आणि मग आत जाऊन स्तंभासमोर उभे राहून विचारतात, हत्ती कुठला?