‘बॅटरीची वायर काढा, चेक लाईट जाईल’: पाच दाव्यांचा प्रतिवाद

पेट्रोल गाड्यांच्या मालकांमध्ये एक सल्ला गेली काही वर्षं फिरतोय. त्याचा सारांश असा: चेक इंजिनचा दिवा लागला म्हणजे कुठल्यातरी सेन्सरवर कचरा बसलाय. बॅटरीची निगेटिव्ह वायर पंधरा मिनिटं काढून ठेवा. दिवा परत आलाच तर ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) पेट्रोलमध्ये भिजवून धुवा. तरीही गेला नाही तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधले विषारी वायू कमी करणारा भाग) आतून पोकळ करून घ्या, म्हणजे अॅव्हरेजही वाढेल. इरिडियम प्लग टाका. आणि पीयूसी पास झाली की गाडी ठणठणीत समजा.

यातलं प्रत्येक वाक्य थोडं खरं आहे, म्हणूनच ते पसरतं. आता एकेक दावा घेऊ.

पहिला दावा: वायर काढली की बिघाड जातो

दिवा जातो हे खरं. बिघाड जागेवर राहतो आणि त्याचा माग मात्र पुसला जातो. दिवा लावताना ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) बिघाडाचा नुसता कोड लिहीत नाही, त्या क्षणाची नोंदही ठेवतो: आरपीएम किती होते, कूलंट किती तापलं होतं, इंजिनावर भार किती होता, गाडीचा वेग किती होता. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. बिघाड थंड इंजिनावर आला की ८० च्या वेगाने घाट चढताना आला, हे त्यावरून कळतं आणि अर्धं निदान तिथेच होतं. वायर काढली की बहुतेक गाड्यांत ही नोंद जाते. सोबत फ्युएल ट्रिमही (ईसीयूने इंधनाच्या प्रमाणात केलेल्या दुरुस्त्या) शून्यावर येतात, आणि त्यांच्याशिवाय पुढचा तपास आंधळा होतो. काही गाड्यांत कोड कायमच्या मेमरीत असतात. तिथे वायर काढून दिवाही जात नाही, फक्त घड्याळ, रेडिओ आणि स्लोचं (उभ्या गाडीत इंजिन फिरण्याच्या वेगाचं) सेटिंग बिघडतं.

‘चार दिवस दिवा आला नाही, म्हणजे काम झालं’ हेही फसवं आहे. बऱ्याच चाचण्या ईसीयू ठरावीक परिस्थितीतच करतो आणि अनेक दोष एकापेक्षा जास्त फेऱ्यांत दिसल्याशिवाय दिवा लावत नाही. चार दिवस शांत गेले म्हणजे चाचणी अजून झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. उलट दोष खरोखर गेला असेल तर दिवा आपणहून विझतो. साधारणपणे सलग ३ ड्रायव्हिंग सायकल (गाडी चालू करून, चालवून, बंद करण्याच्या फेऱ्या) निर्दोष गेल्या की पुरे.

वायरीला हात लावण्याआधी कोड वाचा. भारतात एप्रिल २०१३ पासूनच्या बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ (बिघाड नोंदवून वाचू देणारी प्रमाणित व्यवस्था) आलं. स्टिअरिंगखाली, डॅशबोर्डच्या खालच्या बाजूला १६ पिनांचा सॉकेट मिळेल. साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाईलवरचं अॅप एवढ्यावर काम भागतं. कोड, पेंडिंग कोड (दोष दिसला, पण दिवा अजून लागलेला नाही असे) आणि फ्रीझ फ्रेम या तिन्हींचे स्क्रीनशॉट काढा, आणि मगच गॅरेजला जा.

एक अपवाद लक्षात ठेवा. दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर तपासाच्याही आधी अॅक्सिलरेटर सैल सोडा आणि सुरक्षित जागा बघून थांबा. इंजिन इतकं मिसिंग करतंय (सिलिंडरमधलं मिश्रण पेटतच नाहीये) की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय, असा त्याचा अर्थ. अशा अवस्थेत काही किलोमीटर जोरात गाडी चालवली तरी आतली जाळी वितळू शकते.

दुसरा दावा: ऑक्सिजन सेन्सर पेट्रोलने धुतला की नवा होतो

आधी हे बघा की सेन्सर बिघडलाय हे ठरवलं कुणी? पी०१७१ म्हणजे ‘मिश्रण पातळ’, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. सेन्सर खराब, असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही. बहुतेक वेळा सेन्सर खरंच सांगत असतो आणि आपण साक्षीदारालाच शिक्षा देतो.

या कोडमागचा दोष फ्युएल ट्रिमवरून शोधता येतो. शॉर्ट टर्म ट्रिम ही त्या क्षणाची दुरुस्ती असते आणि लाँग टर्म ट्रिम ही ईसीयूने शिकलेली सवय. दोन्हींची बेरीज गरम इंजिनावर उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असावी. ती दोनदा बघा, आधी स्लोवर आणि मग २५०० आरपीएमवर. स्लोवर अधिक २० आणि २५०० ला अधिक ४ असा फरक असेल तर थ्रॉटलच्या पुढे कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरतेय. पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारा) होज तडकलेला असेल, ब्रेक बूस्टरची नळी सैल असेल किंवा इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलेलं असेल. स्लोवर हवा मुळात कमी लागते, म्हणून गळतीचा वाटा तिथे मोठा दिसतो. उलट स्लोवर आकडा बरा आणि भार पडला की तो वाढत गेला, तर पेट्रोलचा पुरवठा तपासा: पंपाचा दाब, फिल्टर, इंजेक्टर. दोन्हीकडे आकडा सारखाच चढलेला असेल तर सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला भेग आहे का बघा. बाहेरची हवा तिथून आत ओढली जाते आणि सेन्सरला मिश्रण पातळ भासतं.

इथे ई-२० ची, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची, भर पडली आहे. निव्वळ पेट्रोलला हवा-इंधनाचं आदर्श वजनी प्रमाण १४.७ ला १ लागतं, ई-१० ला सुमारे १४.१, ई-२० ला सुमारे १३.५. म्हणजे ई-१० साठी बसवलेल्या ईसीयूला ई-२० वर चारेक टक्के आणि त्याहून जुन्या ईसीयूला आठ-नऊ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. अशा गाडीत लाँग टर्म ट्रिम अधिक ५ किंवा ८ दिसली म्हणून सेन्सर बदलायला धावू नका. मात्र आधीच छोटी गळती असेल तर हीच भर तिला मर्यादेपार ढकलते आणि दिवा लागतो.

आता सेन्सरची परीक्षा. साधा झिर्कोनियाचा पुढचा (कन्व्हर्टरच्या आधीचा) सेन्सर गरम इंजिनावर, २५०० आरपीएमला, साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट असा भरभर वर-खाली झाला पाहिजे. अॅक्सिलरेटर झटक्यात दाबला की ०.८ च्या वर, सोडला की ०.२ च्या खाली. तो ०.४५ च्या आसपास रेंगाळत असेल तर एकतर तापत नाहीये किंवा थकलाय. वाइडबँड सेन्सरला हे आकडे लावू नका, त्याचं काम करंटवर चालतं आणि त्याचं वाचन स्कॅनरवर लॅम्डाच्या (आदर्शाच्या तुलनेत हवेचं प्रमाण किती, त्याच्या) रूपात बघायचं असतं. पी०१३५ आला असेल तर तो हीटरच्या सर्किटचा कोड आहे. सेन्सर मागवण्याआधी हीटरचा फ्यूज बघा, मग कपलरमध्ये १२ व्होल्ट येतात का ते बघा. फ्यूज उडालेला असताना नवा सेन्सर बसवून घेतलेले लोक कमी नाहीत.

धुण्याचा तर प्रश्नच उद्भवत नाही. काळी काजळी असेल तर मिश्रण ठीक झाल्यावर ती सेन्सरच्या स्वतःच्या उष्णतेने जळून जाते. पांढरट थर सिलिकॉनचा किंवा आत आलेल्या कूलंटचा असतो. तो सच्छिद्र प्लॅटिनमवर काचेसारखा बसतो आणि पेट्रोलने काय, कशानेच सुटत नाही. शिवाय अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या आवरणातून घेतात. पेट्रोल, थिनर किंवा कपलरला फासलेलं ग्रीस त्या वाटेने आत झिरपलं की चांगला सेन्सरही चुकीचं बोलू लागतो. ओला सेन्सर बसवून इंजिन चालू केलं तर हीटरच्या झटक्याने आतलं सिरॅमिक तडकतं, ते वेगळंच.

बदलायचाच असेल तर इंजिन कोमट असताना, खाच असलेल्या २२ च्या गोटीने काढा. आटे सहसा एम १८ × १.५ चे असतात आणि टॉर्क साधारण ४० ते ५० न्यूटन-मीटर. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. नव्याच्या आट्यांना पेस्ट लावूनच येते. ती टोकाला लागू देऊ नका. इंजिनावर दुसरीकडे सिलिकॉन सीलंट वापरणार असाल तर त्यावर ‘ऑक्सिजन सेन्सरसाठी सुरक्षित’ असं लिहिलेलंच घ्या.

हाच सल्ला पुढे ‘एअर फ्लो सेन्सरही कार्ब क्लीनरने धुवा’ असं सांगतो. आपल्याकडच्या बऱ्याच लहान पेट्रोल गाड्यांना तो सेन्सर नसतोच. त्या मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवा मोजतात. एअर फिल्टर आणि थ्रॉटल बॉडीच्या मधल्या नळीवर चार-पाच वायरींचा कपलर असेल तरच तो आहे. असेल तर फक्त त्याच कामाचा स्प्रे वापरा, लांबून मारा, तारेला बोट किंवा कापूस लावू नका आणि पूर्ण सुकू द्या.

तिसरा दावा: कन्व्हर्टर पोकळ केला की अॅव्हरेज वाढतं

पी०४२० आला की हा सल्ला मिळतो. हा कोड मुळात तुलनेतून येतो. पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज नाचतो, मागच्याचा जवळपास स्थिर असायला हवा, कारण मधला कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो. मागचाही पुढच्यासारखा नाचू लागला की ईसीयू कन्व्हर्टरची क्षमता घटली असं मानतो. दोन सेन्सरांच्या मध्ये एक्झॉस्ट गळत असेल तरी हेच दिसतं. म्हणून आधी जोड आणि पॅकिंग तपासा.

कन्व्हर्टर आपणहून क्वचितच मरतो. मिसिंग त्याला वितळवतं, तेल पिणाऱ्या इंजिनातलं फॉस्फरस त्याच्यावर थर चढवतं, आत गळणारं कूलंट त्याला निकामी करतं. कारण शोधलं नाही तर नवाही त्याच वाटेने जातो.

मग पोकळ केल्यावर ‘गाडी उडायला लागली’ असं सांगणारे खोटं बोलतात का? नेहमीच नाही. त्यांचा कन्व्हर्टर वितळून तुंबलेला होता आणि फरक पडला तो तुंबा निघाल्याचा. तुंबलंय का हे मोजता येतं. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागी दाबाचा गेज लावा. २५०० आरपीएमला दाब साधारण ०.२ बारच्या आत असावा. चांगल्या कन्व्हर्टरचा अडथळा रोजच्या वेगात नगण्य असतो, आणि ईसीयू मिश्रण पूर्वीच्याच प्रमाणात ठेवतो, तेव्हा अॅव्हरेज वाढणार कुठून? मागच्या सेन्सरला नळी लावून लांब सरकवण्याची युक्ती फक्त दिवा लपवते.

कायद्याने ही छेडछाडच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बेकायदा बदलांना मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रदूषणाच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि वर तीन महिने लायसन्स जातं. आणि हो, आतून निघालेला ‘कचरा’ गॅरेजवाला फुकट टाकून देत नाही. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं.

चौथा दावा: इरिडियम प्लग टाकले की मिसिंग गेलं

इरिडियमचा फायदा आयुष्याचा आहे. साधा निकेलचा प्लग २० ते ३० हजार किलोमीटर, इरिडियम ८० हजार ते एक लाखापर्यंत. झिजलेल्या प्लगच्या जागी कुठलाही योग्य नवा प्लग टाकला तरी गाडी सुधारते. सीएनजीवर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि प्लग लवकर झिजतात, म्हणून तिथे मुदत कमी धरा.

पी०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर मिसिंग करतोय. काही विकत घेण्याआधी दुसऱ्याची कॉईल (ठिणगीचं व्होल्टेज बनवणारी) तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा, कोड पुसा, गाडी फिरवा. पी०३०३ आला तर कॉईल गेली. पी०३०२ च राहिला तर हाच अदलाबदलीचा खेळ प्लगने करा, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन. चालू इंजिनावर कॉईल उपटून ‘करंट’ बघण्याची जुनी रीत मात्र सोडा. ठिणगीला वाट मिळाली नाही की कॉईलचं आतलं इन्सुलेशन फुटतं, शॉक बसतो, आणि तेवढा वेळ कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं.

प्लग थंड इंजिनावर काढा. त्याआधी खड्ड्यातली धूळ हवेने उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. आटे हाताने लावा. १४ मिमी आट्यांच्या, वॉशरवाल्या प्लगला अॅल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २०. टॉर्क पाना नसेल तर हाताने टेकल्यावर नव्या १४ मिमी प्लगला अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, त्याहून नको. मुलामा दिलेल्या आट्यांना ग्रीस किंवा पेस्ट लावू नका, तेवढ्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो आणि हेडचे आटे जातात. इरिडियमचं टोक ब्रशने घासू नका, गॅप ठोकून बदलू नका. हीट रेंजचा (प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो त्याचा) आकडाही ब्रँडप्रमाणे उलटतो: एनजीकेत मोठा आकडा थंड प्लगचा, बॉशमध्ये गरम प्लगचा.

पाचवा दावा: पीयूसी पास, म्हणजे सगळं ठीक

पीयूसीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात. बीएस-४ ला स्लोवर मर्यादा ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. नायट्रोजन ऑक्साइड मोजलेच जात नाहीत. त्यामुळे ईजीआर (एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) बंद अवस्थेत अडकलेली गाडी सहज पास होऊ शकते. भाराखाली, घाटात येणारं मिसिंग उभ्या गाडीत दिसत नाही.

दुरुस्ती झाली का हे बघायला स्कॅनरवरचे रेडीनेस मॉनिटर (ईसीयूच्या कोणत्या चाचण्या पूर्ण झाल्या ते दाखवणारे) जास्त कामाचे. कोड पुसल्यावर रात्रभर थंड झालेली गाडी चालू करा, दोन-तीन मिनिटं स्लोवर ठेवा, मग हायवेवर ६० ते ८० च्या स्थिर वेगाने दहा-पंधरा मिनिटं चालवा आणि मध्ये दोन-तीनदा अॅक्सिलरेटर सोडून गियरमध्येच वेग उतरू द्या. कॅटॅलिस्ट आणि ऑक्सिजन सेन्सरचे मॉनिटर ‘पूर्ण’ दाखवत नसतील तर हेच पुन्हा एक-दोन दिवस करा. दोन्ही पूर्ण आणि पेंडिंग कोडची यादी रिकामी दिसली की गॅरेजचं उरलेलं बिल चुकतं करायला हरकत नाही.